अल्प खर्चातील विनोदी चित्रपट: उणीव लपवावी की कथेत आणावी?

पडद्यामागे (धागाकर्ता)

रहस्यभेदाची सूचना: या धाग्यात ‘वन कट ऑफ द डेड’ या जपानी चित्रपटाच्या उत्तरार्धातील जवळजवळ सर्व काही उघड होणार आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी आधी पाहावा आणि मगच पुढे वाचावे, अशी मनापासून विनंती आहे, कारण काहीही ठाऊक नसताना तो पाहण्याचा आनंद पुन्हा मिळत नाही.

शिनइचिरो उएदा या दिग्दर्शकाने २०१७ साली टोकियोतील एका अभिनय आणि दिग्दर्शन प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेतून हा चित्रपट केला. खर्च सुमारे ३० लाख येन, म्हणजे साधारण २५ हजार डॉलर. कलाकार जवळजवळ सगळेच अपरिचित. २०१८ च्या जूनमध्ये तो टोकियोतील अवघ्या दोन चित्रपटगृहांत नियमितपणे लागला आणि प्रेक्षकांनी एकमेकांना सांगत सांगत तो इतका वर नेला की एकट्या जपानमध्ये त्याने ३०० कोटी येनांहून अधिक गल्ला जमवला. या यशाची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. मला बोलायचे आहे ते त्याच्या बांधणीविषयी, कारण कमी पैशांत विनोदी चित्रपट करू पाहणाऱ्या कोणालाही त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते यशाच्या आकड्यांखाली झाकले गेले आहे.

चित्रपटाची पहिली ३७ मिनिटे हा एकच अखंड शॉट आहे. पाणी शुद्धीकरणाच्या एका बंद पडलेल्या केंद्रात एक छोटा चमू झॉम्बीपट, म्हणजे उठून चालणाऱ्या प्रेतांचा भयपट, चित्रित करत असतो, खरोखरीचे झॉम्बी येतात आणि दिग्दर्शक कॅमेरा थांबवायला तयार नसतो. हा भाग पाहताना प्रेक्षक अवघडतो. पात्रे मध्येच छंदांविषयी विनाकारण गप्पा मारू लागतात, ध्वनिमुद्रक अचानक उठून बाहेर जातो, नायिका किंचाळत राहते आणि कॅमेरा तिच्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबतो, भिंगावर रक्त उडते आणि कोणीतरी ते पुसते, एकदा तर कॅमेरा जमिनीवर पडून काही काळ तसाच राहतो. स्वस्तात केलेल्या चित्रपटात जे जे दोष असतात असे आपण गृहीत धरतो, ते सर्व येथे आहेत. मग श्रेयनामावली येते आणि कथा एक महिना मागे जाते.

आता कळते की आपण पाहिले ते एका नव्या वाहिनीसाठी केलेले थेट प्रक्षेपण होते, त्यामुळे काहीही बिघडले तरी थांबण्याची सोय नव्हती. तिसऱ्या भागात तीच ३७ मिनिटे कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूने दिसतात आणि प्रत्येक दोषाचे कारण समोर येते. दोन कलाकार अपघातामुळे पोहोचू शकलेले नाहीत, म्हणून दिग्दर्शक स्वतः दिग्दर्शकाच्या भूमिकेत उभा आहे आणि त्याची पत्नी रंगभूषाकाराच्या. एक नट दारू पिऊन आडवा झाला आहे. ध्वनिमुद्रकाचे पोट बिघडले आहे. नायिका किंचाळत राहिली, कारण पडद्याबाहेर पुढची तयारी पूर्ण झालेली नव्हती. पूर्वार्धात ज्या ज्या ठिकाणी आपण कंटाळलो होतो, नेमक्या त्याच ठिकाणी आता हसू येते. विनोदाची मांडणी आणि तिची फेड यांच्यामध्ये अर्ध्या तासाहून अधिक अंतर ठेवण्याचे धैर्य मी फार थोड्या चित्रपटांत पाहिले आहे.

माझे म्हणणे असे आहे की अल्प खर्चाचा विनोदी चित्रपट दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात मोठ्या चित्रपटासारखी पटकथा लिहायची आणि मग जे परवडत नाही ते झाकत राहायचे. गर्दीच्या प्रसंगात वीस माणसे उभी करायची आणि कॅमेरा जवळ नेऊन ती दोनशे आहेत असे भासवायचे. गंभीर चित्रपटात हे कधी कधी खपून जाते. विनोदी चित्रपटात ते फार लवकर उघडे पडते, कारण हसण्यासाठी प्रेक्षकाला त्या जगावर पूर्ण विश्वास ठेवून सैल व्हावे लागते आणि चित्रपट काहीतरी लपवत आहे अशी शंका आली की तो सावध होऊन बसतो. दुसऱ्या प्रकारात आपल्याजवळ काय नाही याची यादी लेखनाच्या पहिल्या दिवशीच समोर ठेवायची आणि त्या अभावाला कथेच्या आत कारण द्यायचे.

या दुसऱ्या प्रकाराची जुनी उदाहरणे आहेत. १९७५ च्या ‘माँटी पायथन अँड द होली ग्रेल’ या ब्रिटिश विनोदी चित्रपटामध्ये घोडे परवडणारे नव्हते, म्हणून सरदार घोड्यावर बसल्यासारखे उड्या मारत चालतात आणि मागून येणारा सेवक नारळाच्या करवंट्या एकमेकींवर आपटून टापांचा आवाज काढतो. येथवर ती एक युक्ती आहे. तिला कथेत स्थान मिळते ते पुढच्या क्षणी, जेव्हा तटावरचा पहारेकरी त्या करवंट्यांकडे बोट दाखवून हा नारळ या थंड प्रदेशात आला कसा, असा गंभीर वाद सुरू करतो. त्याच चित्रपटातील बहुतेक किल्ले म्हणजे स्कॉटलंडमधील डून हा एकच किल्ला आहे, निरनिराळ्या बाजूंनी चित्रित केलेला. किल्ल्याबाबत उणीव लपवली आणि घोड्यांबाबत ती दाखवली. पन्नास वर्षांनंतरही लोकांच्या लक्षात कोणती गोष्ट राहिली आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता या दुसऱ्या मार्गाची किंमत. पैसे वाचतात, पण त्यांची भरपाई चित्रीकरणाआधीच्या वेळाने करावी लागते. ‘वन कट’मध्ये कलाकार आधी निवडले गेले आणि त्यांच्या स्वभावाला व अंगकाठीला जुळतील अशा भूमिका नंतर लिहिल्या गेल्या. तिसऱ्या भागातील प्रत्येक धावपळ पहिल्या भागातील सेकंदाशी जुळली पाहिजे, म्हणजे दोन्ही भाग कागदावर एकाच वेळी उभे असले पाहिजेत. ही तयारी पैशाने विकत घेता येत नाही आणि म्हणूनच ती ज्याच्याजवळ पैसा नाही त्याच्या आवाक्यात असते. सदस्यांची मते, विशेषतः ज्यांनी प्रत्यक्ष या क्षेत्रात काम केले आहे त्यांची, वाचायला आवडतील.

---

कात्री

धागा आवडला, आणि तरीही संकलनाचे काम करणारी व्यक्ती म्हणून मला एक मुद्दा स्पष्टपणे मांडावासा वाटतो. अखंड शॉटचे उदाहरण नवोदितांपुढे आदर्श म्हणून ठेवले जाते तेव्हा मला काळजी वाटते. विनोदाची लय दोन ठिकाणी ठरते. एक तर नटांच्या संवादफेकीत, नाही तर संकलनाच्या टेबलावर. एका पात्राने वाक्य बोलावे, दुसऱ्या पात्राच्या चेहऱ्यावर आपण अर्धा सेकंद अधिक थांबावे आणि त्या अर्ध्या सेकंदातच हशा यावा, हे काम प्रतिक्रियेचा वेगळा शॉट हाताशी असेल तरच करता येते. सगळे काही एकाच शॉटमध्ये बांधून आणले तर माझ्या हातात कात्री असूनही मला काही कापता येत नाही. नट एका ठिकाणी घाईने बोलला असेल तर ती घाई चित्रपटात कायमची राहते.

त्यामुळे ज्यांच्याजवळ रंगभूमीवर मुरलेले नट नाहीत आणि तालमीला पुरेसे दिवस नाहीत, त्यांनी निदान महत्त्वाच्या प्रसंगांत मास्टर शॉटसोबत (संपूर्ण प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या मुख्य शॉटसोबत) प्रतिक्रियांचे शॉट घ्यावेत. त्याला फार खर्च येत नाही, कारण प्रकाशयोजना आणि जागा तीच असते.

तंत्राच्या बाजूने एक भर घालते. आज ३७ मिनिटांचा शॉट कल्पनेत तरी येतो तो डिजिटल कॅमेऱ्यामुळे. ३५ मिमीचे १००० फुटांचे किंवा १६ मिमीचे ४०० फुटांचे रीळ साधारण ११ मिनिटांत संपते. १९४८ साली दिग्दर्शक हिचकॉकने ‘रोप’ अखंड भासेल असा चित्रित केला तेव्हा एकेक शॉट जास्तीत जास्त दहा मिनिटांच्या आसपासच ठेवावा लागला, आणि काही जोड पात्राच्या पाठीवर कॅमेरा नेऊन लपवावे लागले. फिल्मच्या काळात प्रत्येक फसलेला टेक पैसे खात असे. डिजिटलमध्ये तो फक्त माणसांची शक्ती खातो, आणि लहान चित्रपटात तीच सर्वात आधी संपते.

---

पडद्यामागे

कात्रीताई, आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो माझ्या मुद्द्याला पूरकच आहे असे वाटते. अखंड शॉट ही शैली अनुकरणीय आहे, असे मला सुचवायचे नव्हते. त्या चित्रपटात अखंड शॉटला कथेच्या आत कारण आहे, कारण पात्रांनाच तो शॉट कापण्याची मुभा नाही. ते कारण नसते तर तीच ३७ मिनिटे केवळ कसरत ठरली असती.

याच संदर्भात अमेरिकी दिग्दर्शक जिम जार्मुशच्या १९८४ च्या ‘स्ट्रेंजर दॅन पॅरडाइज’ची आठवण होते. त्याचा पहिला भाग जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सच्या चित्रपटातून उरलेल्या फिल्मवर केलेला लघुपट होता. पुढे तो वाढवून पूर्ण लांबीचा झाला तेव्हाही प्रत्येक प्रसंग एकाच शॉटमध्ये आणि दोन प्रसंगांमध्ये काही क्षणांचा काळा पडदा ही रचना कायम राहिली. तेथे प्रतिक्रियेचे शॉट नाहीत, तरी हसू येते, कारण त्या तिघांना एकमेकांशी काय बोलावे हे सुचत नाही आणि काळा पडदा नेमका त्या न सुचण्यावर येतो. आपल्या भाषेत सांगायचे तर तेथे कात्री लेखनातच चालवलेली आहे.

---

बूमधारी

कॅमेरा आणि संकलन यांवर चर्चा चालली आहे, म्हणून ध्वनीची बाजू मांडतो. चित्र थोडे दाणेदार असेल, प्रकाश सपाट असेल, तर प्रेक्षक पाच मिनिटांत त्याला सरावतो. संवाद नीट ऐकू आला नाही तर तो सरावत नाही. विनोदी चित्रपटात हे अधिक खरे आहे, कारण विनोदाचा भार बहुधा वाक्याच्या शेवटच्या शब्दावर असतो आणि नट नेमका तोच शब्द श्वास संपल्यामुळे गिळतो. तो शब्द गेला की आधीचे सगळे बांधकाम वाया जाते. डबिंगमध्ये शब्द परत मिळतो, पण प्रसंगातील दोन नटांनी एकमेकांचे ऐकून साधलेली लय बहुतेक वेळा परत मिळत नाही.

म्हणून अल्प खर्चात जागा निवडताना दिग्दर्शकाने डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवावेत. जागेवर दहा मिनिटे गप्प उभे राहावे आणि पंखा, शीतकपाट, रस्ता, वरच्या मजल्यावरील पावले यांपैकी काय ऐकू येते ते लिहून घ्यावे. ज्या वेळी चित्रीकरण करायचे आहे त्याच वेळी हे करावे, कारण सकाळची शांत जागा संध्याकाळी शांत असेलच असे नाही. प्रत्येक जागेचा निव्वळ शांततेचा आवाज किमान अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवावा. संकलक जेव्हा दोन वाक्यांमधला विराम वाढवतो, तेव्हा त्या विरामात भरायला तोच आवाज लागतो. संपूर्ण नि:शब्दता घातली तर विराम खोटा वाटतो आणि हसू येण्याऐवजी ध्वनी गेला की काय अशी शंका येते.

---

हिशेबनीस

निर्मितीच्या हिशेबाशी माझा संबंध आलेला असल्यामुळे ‘इतक्या कमी पैशांत चित्रपट झाला’ या वाक्याकडे मी नेहमी सावधपणे पाहतो. तो आकडा बहुधा पहिली प्रत तयार होईपर्यंतचा असतो. अमेरिकी दिग्दर्शक केव्हिन स्मिथच्या १९९४ च्या ‘क्लर्क्स’चे उदाहरण घ्या. त्याचा निर्मितीखर्च २७,५७५ डॉलर म्हणून प्रसिद्ध आहे. स्मिथ ज्या दुकानात नोकरी करत होता तेथेच, दुकान बंद झाल्यावर रात्री, १६ मिमी कृष्णधवल फिल्मवर चित्रीकरण झाले. कथा दिवसा घडते आणि बाहेर तर अंधार, म्हणून कोणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबल्यामुळे दुकानाचे शटर उघडत नाही, अशी सबब पटकथेतच घातली. धागाकर्त्यांच्या सिद्धांताला याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. परंतु वितरकाने तो चित्रपट घेतल्यावर त्यातील गाण्यांच्या हक्कांसाठी मूळ निर्मितीखर्चापेक्षा कितीतरी अधिक रक्कम मोजावी लागली, हा भाग स्फूर्तिकथा सांगताना गाळला जातो.

दुसरी गाळली जाणारी गोष्ट म्हणजे श्रम. मित्रांनी फुकट केलेले काम, उसना कॅमेरा, घरच्यांनी केलेला स्वयंपाक, कोणाचे तरी राहते घर हे सर्व आकड्यात शून्य म्हणून लिहिले जाते, पण ते शून्य नसते. पैसे देता येत नसतील तर निदान कामाचे तास, श्रेयनामावलीतील उल्लेख आणि पुढे उत्पन्न झाले तर त्यातील वाटा या तीन गोष्टी चित्रीकरणाआधी कागदावर याव्यात, असा माझा आग्रह आहे. ‘वन कट’ गाजल्यावर मूळ कल्पनेच्या श्रेयावरून एका नाट्यसंस्थेच्या माजी प्रमुखाशी जाहीर वाद झाला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. पैसा नसतो तेव्हा असे वाद होत नाहीत. ते यश आल्यावर होतात आणि तेव्हा तोंडी बोलणे कोणालाच सारखे आठवत नाही.

---

पडद्यामागे

हिशेबनीस, आपण मांडलेला श्रमांचा मुद्दा मूळ लेखात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. ‘वन कट’च्या शेवटच्या भागाकडे मी आता त्याच दृष्टीने पाहतो. उंचावरून घ्यायच्या अखेरच्या शॉटसाठीची क्रेन मोडते, निर्माता तो शॉट सोडून द्यायला निघतो आणि मग हाताशी असतील तेवढी माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढून मानवी मनोरा रचतात. कथेत त्याआधी एक छायाचित्र येऊन गेलेले असते, ज्यात दिग्दर्शकाची मुलगी लहानपणी कॅमेरा हातात धरून त्याच्या खांद्यावर बसलेली आहे. त्यामुळे मनोऱ्यावरही तीच बापलेक तशीच दिसतात तेव्हा हसता हसता डोळे भरून येतात. क्रेन परवडली असती तर हा प्रसंग लिहिलाच गेला नसता. परंतु त्या मनोऱ्यातील खालच्या थरावरच्या माणसाचे नाव श्रेयनामावलीत असलेच पाहिजे, हे आपले म्हणणे मला शंभर टक्के पटते.

---

पहिलाप्रयत्न

सर्वांचे प्रतिसाद वाचून फार उपयोग झाला. आम्ही काही मित्र वीस मिनिटांचा विनोदी लघुपट करण्याच्या विचारात आहोत. एक घर, चार पात्रे आणि एक रात्र एवढेच साहित्य आहे. पटकथा आम्हाला वाचताना विनोदी वाटते, पण ती पडद्यावर विनोदी होईल की नाही हे चित्रीकरणाआधी ओळखण्याचा काही मार्ग आहे का? पैसे एकदाच खर्च करता येणार आहेत, म्हणून विचारत आहे.

---

कात्री

पहिलाप्रयत्न, मार्ग आहे आणि तो जवळजवळ विनाखर्चाचा आहे. ज्यांनी पटकथा लिहिलेली नाही आणि ज्यांना तुमच्याविषयी फारसे ममत्व नाही अशा आठदहा माणसांना एका खोलीत बसवा आणि नटांकडून पटकथेचे बसून वाचन करवून घ्या. प्रसंगवर्णन एका वेगळ्या व्यक्तीने सपाट आवाजात वाचावे. तुम्ही स्वतः कोपऱ्यात बसून हातातल्या प्रतीवर केवळ खुणा करा: कोठे हसले, कोठे हसण्याच्या बेतात होते आणि थांबले, कोठे हालचाल सुरू झाली. वाचनानंतर लोक काय म्हणतात त्याला मी फारसे महत्त्व देत नाही, कारण ते तुमचे मन राखतील. त्या खुणा मात्र खऱ्या असतात.

‘बेतात होते आणि थांबले’ अशा जागा सर्वात मोलाच्या. बहुतेक वेळा तेथे एक वाक्य जास्त असते. विनोद झाल्यावर लेखकाने तो समजावून सांगितलेला असतो. ते वाक्य काढा आणि दुसऱ्या, नव्या माणसांसमोर पुन्हा वाचन करा. त्यानंतर त्याच घरात, त्याच चार नटांसह, मोबाइलवर संपूर्ण लघुपट एकदा कच्चा चित्रित करा आणि कच्चा जोडून पाहा. प्रकाश, वेशभूषा, काहीही नको. कागदावर वीस मिनिटांचा वाटणारा चित्रपट सव्वीस मिनिटांचा झालेला दिसेल आणि ती सहा मिनिटे कोठली हे तुम्हाला ताबडतोब कळेल.

---

बूमधारी

कात्रीताईंच्या सूचनेला जोडून एवढेच सांगतो की तो कच्चा चित्रपट एकदा डोळे मिटून ऐका. रात्रीचा प्रसंग आहे म्हणजे शीतकपाटाचा आवाज दिवसापेक्षा ठळक येईल. चित्रीकरणाच्या वेळी ते बंद ठेवायचे ठरवलेत तर आपल्या गाडीची किल्ली त्या शीतकपाटात ठेवा. काम संपल्यावर किल्ली घेतल्याशिवाय घरी जाता येत नाही, त्यामुळे ते पुन्हा सुरू करायला कोणी विसरत नाही. ध्वनिमुद्रकांमध्ये हा फार जुना परिपाठ आहे.

---

पहिलाप्रयत्न

मनापासून आभार. वाचनासाठी माणसे जमवायला आजच सुरुवात करतो. धागाकर्त्यांना एक शेवटचा प्रश्न: आमच्या कथेत घरातील वीज गेलेली आहे, म्हणजे मेणबत्तीच्या उजेडात सर्व प्रसंग घडतात. प्रकाशयोजनेचा खर्च टाळण्यासाठीच आम्ही तसे लिहिले होते. हे आपण म्हणता त्या दुसऱ्या प्रकारात बसते का?

---

पडद्यामागे

अर्धे बसते. वीज जाणे हे तुमच्या काटकसरीचे कारण झाले, आता ते चार पात्रांपैकी एकाच्या तरी अडचणीचे कारण झाले पाहिजे. अंधारामुळे कोणाला तरी काहीतरी दिसत नाही, कोणी चुकीच्या माणसाशी बोलते, कोणाला वीज परत येऊ नये असे मनातून वाटत असते, यांपैकी काही तुमच्या कथेत आधीपासून आहे का ते तपासा. नसेल तर वीज असतानाही तीच कथा घडू शकली असती आणि प्रेक्षक मेणबत्त्यांकडे काटकसर म्हणून पाहील. शिवाय मेणबत्तीच्या उजेडात साध्या कॅमेऱ्याने चेहरे स्पष्ट येणे कठीण असते, म्हणून चौकटीबाहेर एखादा मऊ पिवळा दिवा ठेवावाच लागेल. कच्च्या चित्रीकरणाच्या वेळीच त्याची चाचणी घ्या, आणि जमल्यास ती पटकथा येथे टाका. आम्ही सर्व जण ती वाचू.